मातीतला बेडूक आणि बर्फातला बेडूक

प्रश्न : मे महिन्यात आमच्या रानात शेततळ्यासाठी जेसीबी लावला होता. दोन-अडीच हात खाली, कोरड्या ठक्क मातीच्या ढेकळात एक बेडूक निघाला. अंग सुरकुतलेलं, डोळे मिटलेले, हातावर घेतला तरी हालचाल नाही. मेला असं समजून मी तो ठिबकच्या गळक्या नळीजवळ ओल्या मातीवर ठेवून दिला. जेवून तासाभराने येऊन बघतो तो गडी टम्म होऊन बसलेला! हात लावायला गेलो तर उडी मारून धसकटांत पसार. त्याने तोंड उघडून पाणी प्यालेलं मी काही पाहिलं नाही. माझी पुतणी बारावीला आहे. ती म्हणते, अमेरिकेत काही बेडूक थंडीत दगडासारखे गोठतात आणि उन्हाळा आला की पुन्हा जिवंत होतात. तर आमच्या बेडकाच्या अंगात पाणी शिरलं कुठून? तो गोठणारा बेडूक खरंच मरून जिवंत होतो का? या दोघांचं काही नातं आहे का? आणि पुन्हा असा बेडूक निघाला तर त्याचं काय करावं?
— एक शेतकरी वाचक, भूम तालुका, जि. धाराशिव

उत्तर : ‘तोंड उघडून पाणी प्यालेलं मी काही पाहिलं नाही’ हे तुमचं वाक्य वाचून फार आनंद झाला, कारण पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी मिळवलं आहे. तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तसं काही घडलंच नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो पोटाच्या कातडीने पितो.

हे पाहायला शेततळं खोदावं लागत नाही. उन्हाळ्यात माठाच्या तिवईखाली जी ओल राहते, तिथे संध्याकाळी एखादा बेडूक येऊन बसतो. नीट निरखलं तर तो नेहमीसारखा पुढचे पाय ताठ करून बसलेला नसतो. मागचे पाय फाकवून, पोटाचा खालचा भाग जमिनीला अगदी चिकटवून पसरलेला असतो. अधूनमधून जरा सरकतो आणि पुन्हा पोट टेकवतो. आपल्याला वाटतं, बिचारा गारव्याला आला. गारवा त्याला हवाच असतो, पण त्या वेळी तो चक्क पाणी पीत असतो. मागच्या मांड्यांच्या मधल्या पोटाच्या कातडीचा तो पट्टा पातळ असतो, त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि ओल्या मातीतलं पाणी तिथून थेट रक्तात उतरतं.

आता कुणी विचारेल, कातडीतून पाणी जात असेल तर आपण आंघोळ करताना का फुगत नाही? आपल्या कातडीवर मेलेल्या पेशींचा जाड, तेलकट थर असतो. बेडकाचा तो थर अगदीच नाममात्र. पण तेवढ्याने कोडं सुटत नाही. कुठल्याही जिवंत पेशीभोवती जे पातळ आवरण असतं, त्याला पेशीपटल म्हणतात, तेही स्निग्ध पदार्थाचंच बनलेलं असतं. तेल आणि पाण्याचं जमत नाही, हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. या तेलकट पडद्यातून पाणी झिरपतं, पण हळूहळू. तासाभरात सुरकुतलेला बेडूक टम्म व्हायला झिरपणं पुरत नाही, दारं लागतात.

ही दारं आहेत अशी शंका शास्त्रज्ञांना फार दिवस होती, पण ती सापडत नव्हती. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्रे रक्तगटासंबंधीचं एक प्रथिन शोधत होते. १९८८च्या सुमारास त्यांना तांबड्या रक्तपेशींच्या पटलात भलतंच एक प्रथिन भरपूर प्रमाणात सापडलं. ते काय करतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाण्याचं दार हेच तर नसेल, हे तपासायला त्यांनी मदत घेतली ती एका बेडकाचीच. आफ्रिकेतल्या एका बेडकाची अंडी डबक्यातल्या पाण्यात राहतात, पण त्यांच्यात पाणी सहज शिरत नाही. अशा काही अंड्यांना हे प्रथिन तयार करायला लावलं, काही तशीच ठेवली आणि सगळी पातळ पाण्यात सोडली. साधी अंडी होती तशी राहिली. प्रथिन असलेली अंडी फुगत गेली आणि काही मिनिटांत फुटली. १९९२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. दारांना नाव मिळालं अ‍ॅक्वापोरिन, म्हणजे पाण्याची छिद्रं. २००३ साली अ‍ॅग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक रॉडरिक मॅकिनन यांच्याबरोबर विभागून मिळालं.

हे दार इतकं अरुंद असतं की पाण्याचे रेणू त्यातून एकामागून एक, रांगेनेच जातात. तरी एका दारातून एका सेकंदात सुमारे ३०० कोटी रेणू पलीकडे पोचतात. मीठ, आम्ल यांना मात्र तिथे मज्जाव. माणसाच्या शरीरात अशा दारांचे तेरा प्रकार आहेत. झाडांच्या मुळांतही ती असतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वाहिनी’, ‘मार्ग’ असे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे मोटार आणि पाईप येतो. या दारांना मोटार नाही. ती पाणी ओढत नाहीत, ढकलत नाहीत. पाणी कुठल्या बाजूला जायचं ते दाराबाहेरची आणि आतली परिस्थिती ठरवते. काकडी चिरून मीठ लावून ठेवली की कोशिंबिरीला पाणी सुटतं. लोणच्याच्या कैरीला मीठ चोळलं की सकाळपर्यंत बरणीत खार जमतो. जिथे मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी धावतं. शाळेत याला परासरण म्हणून शिकवतात. तुमच्या बेडकाचं रक्त महिनोन्‌महिने आटून घट्ट, खारट झालेलं होतं आणि ठिबकचं पाणी त्यामानाने पातळ. दिशा ठरलेलीच होती, दारांनी फक्त वेग दिला.

ही दारं कायम पडद्यातच बसवलेली असती तर बेडकाची पंचाईत झाली असती. ज्या दारातून पाणी आत येतं त्याच दारातून कोरड्या हवेत ते बाहेरही जाईल. म्हणून बेडकाने सोय केली आहे. अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूकडून व्हॅसोटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. तोवर पेशीच्या आत पिशव्यांमध्ये गुंडाळून ठेवलेली दारं हे संप्रेरक पोचताच पृष्ठभागावर येऊन बसतात. तहान भागली की परत आत. जपानमधल्या झाडबेडकाच्या पोटाच्या कातडीत ही ये-जा सविस्तर पाहिली गेली आहे. आपल्या शरीरातही हीच रीत आहे. मूत्रपिंडांत रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी परत रक्तात घेतलं जातं आणि त्यातला शेवटचा हिस्सा वाचवायचा की सोडायचा, हे बेडकाच्या संप्रेरकाचंच भावंड शोभेल असं आपलं संप्रेरक अशीच दारं बसवून-काढून ठरवतं. ज्यांच्यात जन्मतः हे दार बिघडलेलं असतं त्यांना दिवसाला दहा-दहा लिटरही लघवी होऊ शकते आणि घशाची कोरड काही केल्या जात नाही.

आता तुमच्या बेडकाकडे परत येऊ. तो मातीत दोन-अडीच हात खाली काय करत होता? आपल्याकडे बीळ करणाऱ्या बेडकांच्या काही जाती आहेत. त्यांच्या मागच्या पायाच्या तळव्याला खुरप्याच्या पात्यासारखा टणक उंचवटा असतो. असा बेडूक पुढे तोंड करून खोदत नाही. ढुंगणाकडून, मागच्या पायांनी माती बाजूला सारत, गोल फिरत खाली उतरतो आणि वरची माती आपसूक त्याच्यावर ढासळते. म्हणून बिळाला तोंड दिसत नाही. पश्चिम भारतातल्या अशाच एका बेडकाला २०१७ साली नवी जात म्हणून नोंदवलं गेलं आणि तिला ‘स्फेरोथेका पश्चिमा’ असं नाव दिलं. आपल्या पायाखाली राहणारा जीव शास्त्राच्या वहीत इतक्या उशिरा आला, याची मला तरी हुरहूर वाटते. मोठे, पावसाळ्यात पिवळेधमक होणारे बेडूकही कोरडे महिने मातीत काढतात. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याही काहींना आसरा देतात.

आत बसल्यावर तो खात नाही, हलत नाही, श्वासही जेमतेम. पोटातल्या चरबीवर गुजराण. पाण्याची तरतूद मात्र त्याने आधीच केलेली असते. बेडकाच्या मूत्राशयात जवळजवळ साधं पाणी म्हणावं इतकी पातळ लघवी साठलेली असते. अंग कोरडं पडू लागलं की मूत्राशयाच्या भिंतीतली दारं उघडतात आणि ते पाणी हळूहळू परत रक्तात येतं. तुम्ही ज्या दिवशी शेततळं खोदत होता, त्या दिवशी तुमच्या जेसीबीखाली एकाने आपलं शेततळं पोटातच बांधून ठेवलेलं होतं. बेडूक उचलला की हातावर पाणी सोडतो आणि आपण ‘विषारी’, ‘चामखीळ होईल’ म्हणून तो झटकन टाकतो. त्या पाण्याने चामखीळ होत नाही. आपला हात धुतला की झालं. त्याची मात्र उन्हाळ्याची शिल्लक गेलेली असते.

आणखी एक युक्ती आहे, ती शेतकऱ्याला लगेच समजेल. अमेरिकेच्या वाळवंटात बिळात राहणारे बेडूक शरीरातला युरिया बाहेर न टाकता रक्तात साठवतात. खताच्या गोणीतला युरिया तोच. रक्तात तो जितका जास्त, तितकं रक्त घट्ट आणि तितकी आजूबाजूच्या जेमतेम ओलसर मातीतूनही पाणी ओढायची त्याची ताकद मोठी. ही युरियाची गोष्ट लक्षात असू द्या, ती बर्फात पुन्हा भेटणार आहे.

पहिला मोठा पाऊस काळ्या जमिनीत आधी भेगांतून खाली उतरतो. ओल बेडकापर्यंत पोचते, पोटाची दारं उघडतात आणि त्याच रात्री शेकडो बेडूक ओढ्याकाठी ओरडू लागतात. एका रात्रीत एवढे आले कुठून, म्हणून ते पावसाबरोबर आभाळातून पडतात असं आपल्याकडे लोक सांगत आले. पाऊस मागायला धोंडी काढताना मुसळाला बेडूक बांधायची पद्धतही याच निरीक्षणातून आली असावी, असं मला वाटतं. निरीक्षण अचूक होतं : पाऊस आणि बेडूक एकत्रच येतात. फक्त पाऊस वरून येतो आणि बेडूक खालून.

आता पुतणीच्या बेडकाकडे वळू. ती सांगते ते खरं आहे. उत्तर अमेरिकेत एक लहानसा तपकिरी वनबेडूक राहतो, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला. त्याचं राज्य थेट अलास्कापर्यंत आहे. तो बिळात खोल जात नाही, पालापाचोळ्याखाली बसतो आणि हिवाळ्यात तिथेच गोठतो. उचलून टेबलावर टाकला तर खडा आपटल्यासारखा आवाज येतो. हृदय बंद, श्वास बंद, रक्त थांबलेलं. मिनेसोटा विद्यापीठातल्या विल्यम श्मिड यांनी १९८२ साली हे जगापुढे मांडलं. पुढे कॅनडातल्या ओटावा इथल्या कार्लटन विद्यापीठात केनेथ आणि जॅनेट स्टोरी या दांपत्याने त्यावर अनेक वर्षं काम केलं.

पण ‘पूर्ण गोठतो’ हे बरोबर नाही. पूर्ण गोठला असता तर तो मेलाच असता. फ्रीजरमध्ये चुकून राहिलेला टोमॅटो बाहेर काढून ठेवा. बर्फ वितळला की तो लिबलिबीत होतो, पाणी सुटतं, साल सैल पडते. त्याच्या पेशींच्या आत बर्फ झालेला असतो आणि बर्फाच्या सुयांनी पडदे फाडलेले असतात. बेडकाच्या अंगातलं जवळजवळ दोन-तृतीयांश पाणी बर्फ होतं, पण तो बर्फ पेशींच्या बाहेर असतो : कातडीखाली, स्नायूंच्या मध्ये, पोटाच्या पोकळीत पापुद्र्यांसारखा. पेशींच्या आतलं पाणी द्रवरूपच राहतं.

हे कसं जमतं, ते पायरीपायरीने पाहू. मीठ घातलेलं पाणी गोठवलं तर बर्फ होतो तो बहुतांशी गोड्या पाण्याचाच. मीठ उरलेल्या पाण्यात साचत जातं आणि ते पाणी आणखी खारट होतं. बेडकाच्या पेशींबाहेर असंच घडतं. थोडा बर्फ झाला की बाहेरचा उरलेला द्रव घट्ट होतो. मग काकडीचा नियम लागू होतो आणि पेशीतलं पाणी बाहेर धावतं. तेही बाहेर जाऊन गोठतं. बाहेरचा द्रव अजून घट्ट होतो, अजून पाणी बाहेर येतं. पेशी आक्रसत जातात.

म्हणजे पेशीच्या जागी उभं राहून पाहिलं तर तिला थंडीचा मारा नंतर जाणवतो, आधी जाणवतो तो दुष्काळ. बाहेर पाण्याचे डोंगर आहेत, पण सगळे बर्फाचे, वापरता न येणारे. तुमच्या मातीतल्या बेडकाच्या पेशींना मे महिन्यात जे सोसावं लागलं, तेच या बेडकाच्या पेशींना उणे तापमानात सोसावं लागतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, पण त्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्याला वेळ आणि वाट हवी. गोठणं सावकाश झालं, कित्येक तास चाललं, तर पेशीतलं पाणी बर्फ होण्याआधी बाहेर निसटतं. झटपट गोठवलं तर ते आतच अडकतं आणि पेशी फाटते. वाट देतात ती अ‍ॅक्वापोरिनची दारं. पुढे बर्फ वितळतो तेव्हा हीच दारं पाणी परत आत येऊ देतात.

दुसरी गोष्ट : सगळंच पाणी निघून गेलं तर पेशी चोळामोळा होऊन मरेल. म्हणून काहीतरी आत भरून ठेवावं लागतं, जे पाण्याला धरून ठेवील आणि उरलेलं पाणी गोठूही देणार नाही. साखरेचा घट्ट पाक फ्रीजरमध्ये ठेवला तर पाण्यासारखा दगड होत नाही, तोच हा गुण. वनबेडकाच्या कातडीवर पहिला बर्फकण धरला की काही मिनिटांत यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर मोकळी करून रक्तात ओतू लागतं. रक्तातली साखर नेहमीच्या पन्नासपटीपर्यंत आणि त्याहूनही वर जाते. आपल्याकडे तपासणीत साखर ३०० आली की घरात धावपळ होते. याची त्याच मापाने हजारांच्या घरात जाते आणि तो त्यावरच तगतो. अलास्कातले वनबेडूक जोडीला रक्तात युरियाही साठवतात. वाळवंटातली युक्ती बर्फात भेटली ती अशी.

याच खंडात एक करडा झाडबेडूक आहे. तो साखरेबरोबर ग्लिसरॉल वापरतो. हातापायांच्या भेगांना लावतो ते ग्लिसरीन हेच. इथे दारांची गंमत आणखी वाढते. ग्लिसरॉल यकृतात तयार होतं, पण ते अंगभरच्या पेशींत शिरायला हवं आणि तेही पाण्यासारखंच तेलकट पडद्यापाशी अडतं. ओहायोतल्या संशोधकांना या बेडकात अ‍ॅक्वापोरिनची तीन दारं मिळाली. त्या दारांना त्यांनी एचसी-१, एचसी-२ आणि एचसी-३ अशी नावं दिली. त्यातलं तिसरं जरा रुंद आहे, त्यातून पाण्याबरोबर ग्लिसरॉलही जातं. थंडीची सवय झालेल्या बेडकांच्या तांबड्या रक्तपेशींत हे तिसरं दार जास्त संख्येने आढळतं. हिवाळ्याची चाहूल लागताच बेडूक आपल्या पेशींना जादा दारं बसवून घेतो : पाणी बाहेर, ग्लिसरॉल आत.

हे फार लांबचं वाटत असेल तर तुमच्या गोठ्यात या. भूम भाग खव्यासाठी प्रसिद्ध, म्हणजे दुभती जनावरं आलीच. गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करायला मोटारसायकलवर जो येतो, त्याच्याजवळ अ‍ॅल्युमिनियमची कॅन असते. झाकण काढलं की पांढरा धूर निघतो. तो द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. त्यातून चिमट्याने बारीक कांडी निघते, कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडते आणि तिच्यातले गोठलेले शुक्राणू पुन्हा वळवळू लागतात. ते जिवंत राहतात, कारण गोठवण्याआधी त्यांना अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल असलेल्या द्रावणात ठेवलेलं असतं. ग्लिसरॉलचा हा गुण इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांना १९४९ साली कोंबड्याच्या शुक्राणूंवर काम करताना सापडला. झाडबेडूक तेच करतो, हे ध्यानात आलं १९८२ साली. तुमच्या गोठ्यातल्या कालवडीचा जन्म आणि त्या बेडकाचा हिवाळा एकाच पदार्थाच्या आधारावर उभा आहे.

तर नात्याचं. तुमचा बेडूक आणि तो वनबेडूक जातीने वेगळे, चुलत म्हणावं तर फार लांबचे. पण त्यांच्या करामतीचं मूळ एकच असावं, याला चांगला पुरावा आहे. १९९३ साली ओटावात वनबेडकांना न गोठवता, शून्याच्या वरच्या तापमानात नुसतं सुकवून पाहिलं. अंगातलं अर्ध्याच्या आसपास पाणी गेलं तरी ते तगले आणि सुकत असताना त्यांच्या रक्तातली साखर गोठताना वाढते तशीच भराभर वाढली. थंडी नव्हती, बर्फ नव्हता, तरी शरीराने तेच उत्तर दिलं. यावरून असं दिसतं की बेडकांनी आधी पाण्याच्या टंचाईशी झुंजायला शिकून घेतलं आणि उत्तरेकडच्या काहींनी तीच जुनी विद्या पुढे बर्फात वापरली. धाराशिवसारख्या अवर्षणी मुलखातल्या माणसाला हे वाचून बेडकाबद्दल जरा आपलेपणा वाटेल, मला तरी वाटतो.

मरून जिवंत होतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नाही. मरण म्हणजे पेशींची घडी कायमची मोडणं. इथे घडी शाबूत असते, काम थांबलेलं असतं. अलास्कात फेअरबँक्सजवळ वनबेडकांवर हिवाळाभर नजर ठेवली गेली. त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. ते बेडूक सहा-सात महिने गोठलेले राहिले, त्यांच्या जागेचं तापमान उणे १८ अंशांपर्यंत उतरलं, तरी वसंतात ते उठले. उठतानाचा क्रमही पाहण्यासारखा असतो. अंगात बर्फ शिल्लक असतानाच हृदय धडधडू लागतं, मग श्वास, मग पाय आखडू-पसरू लागतात आणि दिवसभरात उडी.

पुतणी पुढे विचारेल, मग माणसाला असं गोठवून ठेवता येईल का? आपल्या यकृताला तेवढी साखर ओतता येत नाही, मेंदूला रक्ताविना काही मिनिटंही निभावत नाहीत, आणि माणसाचं शरीर इतकं मोठं की ते सावकाश, सगळीकडे सारखं गोठणं जमणार नाही. वेगळा काढलेला एखादा अवयव थंडीत जास्त तास टिकवता यावा, म्हणून मात्र या बेडकांचा अभ्यास मनापासून चालू आहे. तिला एक गोष्ट आवर्जून सांगा : आपल्याकडचा बेडूक फ्रीजरमध्ये ठेवून पाहू नकोस. आपल्या भागात हिवाळ्याच्या रात्री पारा दहाच्या आसपास घुटमळतो, शून्यावर येत नाही. गोठण्याची तयारी करायचं कारणच आपल्या बेडकांना कधी पडलं नाही. तो नक्की मरेल.

शेवटी, पुन्हा असा बेडूक निघाला तर. तुम्ही ओल्या मातीवर ठेवलात ते उत्तम केलंत. फक्त हात आधी साध्या पाण्याने धुऊन ओले करा, कारण ज्या कातडीने तो पाणी पितो त्याच कातडीने हातावरचं खत, औषध, तंबाखूही पितो. फवारणीच्या टाकीजवळ किंवा खत सोडलेल्या ठिबकच्या पाण्यात ठेवू नका. बादलीभर पाण्यात बुडवूही नका, तो अशक्त असेल तर गुदमरेल. पोट दाबू नका, साठवण सांडेल. पाऊस लांब असेल तर बांधाच्या सावलीत, भुसभुशीत ओलसर माती असेल तिथे हातभर खड्डा करून त्यात सोडा आणि वरून माती सैल लोटा. तो ढुंगणाने आणखी खाली जाईल. आणि शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरणार असाल तर एका कोपऱ्यात जुनं पोतं किंवा दोर काठापासून पाण्यापर्यंत सोडून ठेवा. गुळगुळीत कागदावरून पडलेल्या बेडकाला वर चढता येत नाही, पोत्यावरून येतं.